आधी टायरची उंची ठरवा, पाटे राहू द्या

पत्र : मी ऐरोलीला राहते आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिझाइन विभागात काम करते. आजोबांची प्रीमिअर पद्मिनी आम्ही विकली नाही. तिच्यात आता जिप्सी किंगचं १.३ लिटरचं इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स आहे. डिफरन्शिअल मूळचंच, ४.३ रेशोचं. मला पाव मैलाच्या ड्रॅग स्पर्धेत उतरायचंय. पुढच्या वर्षी छोटा टर्बो बसवायचा विचार आहे. अडचण अशी, की क्लच जोरात सोडला की मागचा एक्सल धडधड उड्या मारतो आणि गाडी जागच्या जागी थरथरते. वागळे इस्टेटमधले गॅरेजवाले काका म्हणतात, पाटे (लीफ स्प्रिंग) काढून फोर-लिंक (एक्सलला धरणाऱ्या चार दांड्या) आणि कॉइलओव्हर (शॉकभोवती बसणारी कॉइल स्प्रिंग) टाका. माझा मावसभाऊ म्हणतो, मागे २२५ चे रुंद टायर टाक, सगळं सुटेल. सध्या १८५/६० आर १४ चे साधे रस्त्याचे टायर आहेत. दोन्हीसाठी एकदम पैसे नाहीत. आधी काय करू? आणि पहाटे पाम बीच रोडवर एकदा करून पाहिलं तर चालेल का? – एक वाचक, ऐरोली

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पाम बीच रोडवर एकदाही नाही. पहाटेही नाही. त्या वेळी तिथे चालायला, पळायला, सायकल घेऊन माणसं आलेली असतात, आणि जिचा मागचा एक्सल उड्या मारतोय ती गाडी सरळ रेषेत राहीलच याची खात्री तुम्हीही देऊ शकणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. चाचणी कुठे आणि कशी करायची ते पुढे सांगतो.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. काकांना गाड्यांची जाण आहे आणि मावसभावाला उत्साह आहे, हे पत्रातून कळतं. पण दोघांनीही उपाय आधी सांगितला आणि गाडीचं वजन कुणीच केलेलं नाही. सस्पेन्शन आणि टायर हे दोन वेगळे निर्णय नाहीत. मागच्या चाकांवर वजन किती येणार, त्या वजनावर इंजिन किती जोर लावणार आणि तो जोर जमिनीला किती झेपणार, या एकाच हिशोबातून दोन्हींची उत्तरं निघतात. म्हणून तो हिशोब आपण मांडूच.

गाडी पुढे झेपावते तेव्हा पुढच्या चाकांवरचं काही वजन मागच्या चाकांवर येतं. किती येतं? गाडीचं एकूण वजन, त्वरण ('जी'मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करायचा आणि व्हीलबेसने भागायचं. या सूत्रात पाटे, कॉइल, फोर-लिंक यांपैकी काहीही नाही, हे मुद्दाम पाहा. गॅरेजमध्ये 'फोर-लिंक टाकली की मागे वजन जास्त बसतं' असं जे सांगतात ते बरोबर नाही. सस्पेन्शन वजन वाढवत नाही. ते वजन टायरपर्यंत किती झटकन पोचेल, टायरला एकदम ठोसा बसेल की सलग दाब बसेल, आणि एक्सल आपल्या जागी स्थिर राहील की नाही, एवढंच सस्पेन्शन ठरवतं. हे कमी नाही, पण ते वेगळं काम आहे.

तुमच्या गाडीचे अंदाजी आकडे धरू. चालकासह गाडी ९८० किलो, त्यातले ४६० किलो मागे, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. पद्मिनीचा व्हीलबेस २.३४ मीटर. जिप्सी किंगच्या इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, पहिला गिअर सुमारे ३.६५, डिफरन्शिअल ४.३. वाटेतली घट १५ टक्के धरली आणि तुमच्या टायरची भार पडल्यावरची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली, तर जमिनीवर सुमारे ४,९०० न्यूटनचा जोर येतो. म्हणजे अर्ध्या 'जी'च्या आसपास त्वरण. त्या त्वरणाला सुमारे १०७ किलो वजन मागे सरकतं आणि मागच्या दोन चाकांवर मिळून ५६७ किलो होतात. एवढ्या वजनावर ४,९०० न्यूटन टिकवायला घर्षणांक ०.८८ लागतो.

चांगला, ताजा रस्त्याचा टायर स्वच्छ डांबरावर याच्या आसपास पोचतो. धुळीच्या काँक्रीटवर पोचत नाही. म्हणजे आज तुमची गाडी पकडीच्या काठावर उभी आहे. काठावर असणं हीच एक्सल उड्या मारायला सगळ्यात सोयीची अवस्था असते: टायर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो.

आता पुढच्या वर्षीचा टर्बो. त्याने टॉर्क १६० न्यूटन-मीटरपर्यंत गेला असं धरा. जमिनीवरचा जोर ७,६०० न्यूटनच्या वर जातो आणि मागे आणखी वजन सरकूनही घर्षणांक १.२४ लागतो. हे रस्त्याच्या कुठल्याही साध्या टायरला जमणार नाही, मग तो १८५ चा असो की २२५ चा. तिथे टायरचं रबरच वेगळं लागतं. रुंदीपेक्षा रबराचा मऊपणा आधी येतो, हे मावसभावाला एवढ्यावरूनच पटावं.

तरीही रुंदीबद्दल नीट बोलायला हवं, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. टायर जमिनीला किती क्षेत्रावर टेकतो हे मुख्यतः त्याच्यावरचा भार आणि आतली हवा यांवर ठरतं. सुटताना तुमच्या एका मागच्या चाकावर सुमारे २८० किलो असतील. ३० पीएसआय हवेला टेकण्याचं क्षेत्र साधारण १३५ चौरस सेंटिमीटर होतं, २२ पीएसआयला १८० च्या पुढे जातं. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत. पण हवेच्या आठ पीएसआयने जेवढा फरक पडतो तेवढा ४० मिलिमीटर जास्त रुंदीने पडत नाही. रुंदीने त्या क्षेत्राचा आकार बदलतो, ते आडवं पसरतं. रुंद टायरचा फायदा मोठ्या ताकदीच्या गाडीत असतो, जिथे रबर तापून विरघळायला लागतं आणि ती उष्णता पसरायला जागा लागते. तुमच्या हलक्या गाडीत रुंद टायर तापणारच नाही. उलट तो जड असतो, आणि ते वजन फिरतं असल्यामुळे इंजिनाला ते दुहेरी पडतं.

आणि २२५ घेताना उंची बदलते, जी गोष्ट कुणी तुम्हाला सांगितली नाही. १८५/६० आर १४ चा व्यास ५७८ मिलिमीटर. २२५/५० आर १५ चा ६०६. म्हणजे मागे मोठं चाक लावून तुम्ही ४.३ चं डिफरन्शिअल ४.१ चं करून ठेवाल. सुटतानाचा जोर पाच टक्के कमी. टायर घसरायचा थोडा थांबेल आणि वाटेल की रुंदीने काम केलं. खरं तर गाडी तेवढी मंद झालेली असेल.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. जुन्या फियाटच्या डिफरन्शिअलला हवा तो क्राउन-पिनियनचा (रेशो ठरवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीचा) सेट बाजारात जाऊन मागता येत नाही. त्यामुळे तुमच्या गाडीत टायरची उंची हाच तुमच्या हातातला शेवटचा गिअर आहे. तो आधी ठरवा.

कसा ठरवायचा? पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शेवटी गाडी कुठल्या वेगाने आणि कुठल्या गिअरमध्ये असेल ते पाहायचं. ताकद आणि वजन यांच्या ढोबळ सूत्राने आजच्या ८० बीएचपीला तुमची गाडी रेषेवर १२५ किलोमीटरच्या आसपास असेल. तिसरा गिअर, सुमारे १.४२ चा, ६,५०० आरपीएमला ११५-११६ वर संपतो. म्हणजे चौथा टाकावाच लागणार, आणि ५७८ च्या टायरवर रेषेपाशी इंजिन ४,९५० आरपीएमच्या आसपास फिरत असेल. या इंजिनाची पूर्ण ताकद ६,००० ला येते. म्हणजे आजचा टायर लहान नाही, असलाच तर किंचित मोठा आहे. ६०६ चा लावलात तर रेषेपाशी इंजिन ४,७०० ला येईल. टर्बोनंतर १३० बीएचपी धरले तर रेषेवरचा वेग १४८ च्या घरात जातो आणि ५७८ च्या टायरवर इंजिन ५,८५० ला असतं. अगदी हवं तिथे. उंची तुमच्याकडे योगायोगाने बरोबरच आहे, ती सोडू नका.

आता दुकानात जाऊन मागायचा आकार कोणता? १९५/५० आर १५. त्याचा व्यास ५७६ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या आत्ताच्या टायरएवढाच. जगभरच्या छोट्या रेसिंग गाड्यांमध्ये हा आकार चालतो, त्यामुळे सेमी-स्लिक टायर (मऊ रबराचे, कमी नक्षीचे) या आकारात बनतात. टोयोचा आर८८८आर या आकारात येतो. रिम १५ इंची, सहा किंवा साडेसहा इंच रुंद. टायर आयात केलेला असेल तर भिंतीवरचा चार आकडी तारीख-कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. मऊ रबर गोदामात पडून कडक होतं, आणि कडक झालेल्या सेमी-स्लिकपेक्षा नवा साधा टायर बरा.

उणीव सांगतो. ५० च्या प्रोफाइलची भिंत ठेंगणी असते. ड्रॅगच्या खऱ्या स्लिक टायरची भिंत उंच आणि लुसलुशीत असते. सुटताना तिला चुण्या पडतात, ती एक्सलचा झटका पोटात घेते आणि मग हळूहळू सोडते. तो गुण तुम्हाला मिळणार नाही. पण तसला २४.५ इंची स्लिक ६२२ मिलिमीटर उंच असतो. तो लावून आजच्याइतकाच जोर हवा असेल तर डिफरन्शिअल ४.६३ चं लागेल, आणि ते तुमच्याकडे नाही. शिवाय मागे बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या जुन्या बांधणीचा) स्लिक आणि पुढे तुमच्यासारखे रेडियल अशी जोडी वेगात गाडी डोलवते. १३० बीएचपीपर्यंत सेमी-स्लिक पुरेसा आहे. त्यापुढे गेलात तर स्लिकचा विचार करू, तेव्हा अख्खा मागचा एक्सलच बदलावा लागेल.

रिम घेण्यापूर्वी पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते अंतर) मोजून घ्या, आणि पाट्याची कड ते चाकाच्या कमानीची आतली कड हे अंतर टेपने मोजा. मोजताना मागच्या सीटवर दोघांना बसवा, कारण सुटताना गाडी मागे बसते. टायर आणि पाटा यांच्यात बोटभर फट राहिलीच पाहिजे.

आता काकांच्या फोर-लिंककडे येतो. ड्रॅगच्या गाडीला फोर-लिंक उत्तम, यात वाद नाही. चार दांड्या, त्यांना पुढे-मागे भोकांच्या रांगा. वरच्या आणि खालच्या दांडीच्या रेषा पुढे वाढवल्या की त्या जिथे भेटतात तो बिंदू तुम्हाला पुढे, मागे, वर, खाली सरकवता येतो. मागच्या टायरच्या टेकण्यापासून निघून पुढच्या एक्सलच्या वर गुरुत्वमध्याच्या उंचीपर्यंत एक रेषा ओढा. तो बिंदू या रेषेच्या वर असेल तर सुटताना गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि टायर जमिनीत दाबला जातो. खाली असेल तर गाडी मागे बसते. तुमच्या गाडीत ही रेषा फार सपाट आहे: एक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे ती जमिनीपासून जेमतेम १७ सेंटिमीटर उंच असते. म्हणजे कुणी लॅडर बार (एक्सलला पक्का जोडून पुढे बिजागरावर टेकवलेला शिडीसारखा बार) बनवून त्याचा पुढचा बिजागर २५ सेंटिमीटर उंचीवर लावला, तर तो रेषेच्या बराच वर गेला. गाडी मागून उसळेल, टायरला ठोसा बसेल, आणि पाठोपाठ भार सुटून टायर फिरायला लागेल. मऊ, उंच भिंतीचा स्लिक हा ठोसा सहन करतो. ठेंगणा रेडियल करत नाही. फोर-लिंकमध्ये हे दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी धावपट्टीवर पुन्हा पुन्हा जाऊन भोकं बदलत बसायला हवं. तेवढ्या फेऱ्या आपल्याकडे मिळतात कुठे?

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. खालच्या दांड्या जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आणि वरच्या त्यांच्या २० सेंटिमीटर वर धरल्या, तर आजच्या इंजिनाच्या जोरालाच खालच्या दोन दांड्यांवर मिळून एक टनाचा दाब येतो आणि वरच्या दोनवर अर्ध्या टनाची ओढ. क्लच झटकन सोडल्यावर क्षणभर याच्याही पुढे. हा भार तीस-चाळीस वर्षं जुन्या पातळ पत्र्यावर वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर टाकता येत नाही. आधी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून चौकोनी पाइप आणून आडवे-उभे बीम टाकावे लागतील, मग शॉकसाठी वर आडवा बार, मग एक्सल बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड. कामाचा खर्च दांड्यांच्या किमतीच्या कितीतरी पट होतो आणि गाडी रोजच्या रस्त्याची राहत नाही. आजोबांची गाडी कापण्याआधी ती न कापता काय होतं ते पाहू, एवढंच माझं म्हणणं आहे.

लॅडर बार हा मधला रस्ता म्हणून कुणी सुचवेल. पाटे तसेच ठेवून एक्सलला लॅडर बार वेल्ड करणं तर मुळीच करू नका. पाट्याची फिरण्याची वाट वेगळी, बारची वेगळी. दोघं एकमेकांना अडवतात आणि काहीतरी तुटतं. त्यासाठी एक्सलवर पाट्याची बैठक सरकती करावी लागते. तेवढं करणार असाल तर फोर-लिंकच बरी.

मग उड्यांचं काय? उड्या टायरमुळे सुरू होतात, पण त्यांना बळ पाट्यांमुळे मिळतं. चाकं पुढे फिरतात तेव्हा एक्सलचं हाउसिंग उलटं फिरू पाहतं, म्हणजे पिनियनचं नाक वर जातं. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर वाकतो, मागचा खाली, आणि पाटा इंग्रजी 'एस'सारखा पिळतो. टायर सुटला की तो पीळ झटकन उलगडतो, एक्सल परत येऊन आदळतो, टायर पुन्हा पकडतो. ही धडधड. क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा) आणि क्राउन-पिनियन याच धडधडीत फुटतात, म्हणून उड्या मारू लागली की अॅक्सिलरेटर सोडायचा, दाबत राहायचं नाही.

उपाय पाट्याचा पुढचा भाग आवळण्यात आहे. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या दशकात आपल्या ड्रॅगच्या गाड्यांना असेच पाटे दिले होते, पुढचा भाग आखूड आणि ताठ, मागचा मोकळा. तेच तत्त्व आपण हाताने वापरू. एक्सल ते पुढचा डोळा (पाट्याच्या टोकाची गोल कडी) या भागात पाट्यांना दोन क्लॅम्प घट्ट आवळा. मागच्या भागातले क्लिप थोडे सैल करा, म्हणजे तिकडचे पाटे एकमेकांवर सरकतील. डोळ्यांतले रबरी बुश बदलून पॉलियुरेथेनचे टाका. यू-बोल्ट नवे. पाट्यांचं काम करणारे कारागीर ट्रकच्या कामात मुरलेले असतात, त्यांना हे एकदा दाखवलं की पुरतं.

मग ट्रॅक्शन बार. एक्सलच्या खालच्या प्लेटपासून पुढे जाणारा एक ताठ चौकोनी बार, त्याच्या टोकाला रबर, आणि ते रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बरोबर खाली. हाउसिंग फिरू लागलं की रबर डोळ्याला टेकतं आणि पिळणं थांबतं. रबर डोळ्याखालीच यायला हवं. आखूड बार करून ते पाट्याच्या मधोमध टेकवलं तर पाटा तिथेच मोडतो. रबाळ्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये चांगला फॅब्रिकेटर हे दोन बार सहज करून देईल, आणि तुम्ही डिझाइनमध्ये आहात, ड्रॉइंग स्वतःच काढा. डाव्या बाजूला रबर आणि पाट्यात १२ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवा. उजवीकडे कमी.

उजवीकडे कमी का, ते सांगायला मला विशेष आवडेल, कारण इथे पुष्कळ जण चुकतात. समोरून पाहिलं तर तुमचं इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं. प्रोपेलर शाफ्टचा पीळ एक्सलचं डावं चाक जमिनीत दाबतो आणि उजवं उचलतो. पहिल्या गिअरमध्ये हा फरक प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त तीसेक किलोपर्यंत जाऊ शकतो, टर्बोनंतर पन्नासपर्यंत. साध्या डिफरन्शिअलमध्ये हलकं चाक फिरू लागलं की दोन्हींचा जोर गेला. डांबरावरचा काळा पट्टा उजवीकडेच उमटत असेल, बघा. उजव्या बारची फट कमी केली की तिकडचा टायर आधी आणि जास्त दाबला जातो. बॅटरीही पुढून काढून डिकीत उजव्या कोपऱ्यात, बंद आणि हवेशीर पेटीत, बोल्टने घट्ट बसवा. फुकटात मिळणारं वजन आहे ते.

पिनियनचा कोन शाफ्टच्या तुलनेत तीन-चार अंश खाली ठेवा, पाट्याखाली पाचर-प्लेट घालून. जोर आल्यावर नाक वर येतं आणि शाफ्ट सरळ होतो. मागचे शॉक नवे टाका. पुढच्यांना हात लावू नका.

या सगळ्याआधी एक तपासणी आहे आणि ती टाळू नका. पाट्याचा पुढचा डोळा ज्या हँगरला अडकतो तिथूनच सगळा जोर बॉडीत जातो. ऐरोलीला खाडीची खारी हवा आहे आणि गाडी पावसाळ्यांमागून पावसाळे उभी राहिलेली असणार. हँगरभोवतीचा पत्रा हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून पाहा. भुसभुशीत आवाज आला तर आधी तिथे नवा पत्रा आणि मजबुतीची प्लेट. मागचे दोन्ही हाफ शाफ्ट काढून डाय पेनिट्रंट चाचणी (रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधण्याची) करून घ्या, औद्योगिक पट्ट्यात ती करून मिळते. सध्या तुमचा टायर घसरतो म्हणून शाफ्ट वाचतो. चिकट टायर लावल्यावर घसरण थांबेल आणि तो भार शाफ्टवर येईल. अशा एक्सलमध्ये शाफ्ट तुटला तर चाकच बाहेर येऊ शकतं. प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाखाली लोखंडी लूपही लावा, क्रॉस तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतणार नाही.

वजनासाठी तुर्भ्याच्या बाजार समितीच्या परिसरातल्या किंवा एमआयडीसीतल्या कुठल्याही ट्रकच्या वजनकाट्यावर जा. तुम्ही स्वतः आत बसलेल्या, टाकीत स्पर्धेइतकंच पेट्रोल. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. काटा मोठ्या वजनांचा असतो, दहा-वीस किलो इकडेतिकडे चालेल. माझे वरचे आकडे काढून तुमचे घाला आणि हिशोब पुन्हा करा.

कायद्याचं दुसरं अंग. कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात नसेल तर ती आरटीओत आधी मार्गी लावा, आणि तोवर गाडी फ्लॅटबेडवरून न्या. चाचणी हवीच असेल तर कंपनीचं बंद आवार, सुटीचा दिवस, मालकाची लेखी परवानगी आणि वीस मीटरची सरळ जागा. उड्या थांबल्या का हे पाहायला तेवढं पुरतं. पूर्ण फेरी स्पर्धेतच. एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाची) मान्यता आणि परवाना याबद्दल आयोजकांकडे आधी चौकशी करा. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पूर्वी अशा स्पर्धा झाल्या आहेत. धावपट्टीवर अमेरिकन ड्रॅग स्ट्रिपसारखा चिकट लेप नसतो, म्हणून तिकडच्या व्हिडिओंमधले हवेचे आणि क्लचचे आकडे इथे उचलू नका.

तिथे पोचल्यावर मागे थंड टायरमध्ये २६ पीएसआयपासून सुरू करा, दोन-दोनने उतरा, २० च्या खाली जाऊ नका. पुढे ३५. टायरच्या नक्षीवर खडूची आडवी रेघ ओढून गाडी थोडी सरळ चालवा: मधलीच पुसली तर हवा जास्त, कडांचीच पुसली तर कमी. पाण्यात टायर फिरवू नका, नक्षीतलं पाणी सुटण्याच्या रेषेपर्यंत येतं. कोरड्यावर थोडासा फिरवून धूळ झटकली की झालं. मोजायची वेळ पहिल्या ६० फुटांची, म्हणजे १८.३ मीटरची. शेवटच्या वेळेत ड्रायव्हर, वारा, गिअर सगळं मिसळतं. एका फेरीत एकच बदल, आणि बाजूने कुणाला तरी फोनवर मागच्या चाकाचं चित्रण करायला सांगा. घरी निघण्यापूर्वी मागची हवा परत भरा.

पैशांचा क्रम असा लावा: हँगर आणि शाफ्टची तपासणी, मग पाटे आणि बार, मग रिम आणि टायर. टर्बो त्यानंतर, आणि टर्बोच्या आधी लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक फुकट फिरू न देणारं) किंवा दुसरा एक्सल मिळतो का ते शोधा. काकांना हे दाखवा. पाटे आवळणं आणि पिनियनचा कोन लावणं त्यांच्याच हातचं काम आहे, आणि हिशोब समोर ठेवला तर ते ऐकतील असं मला वाटतं.

काट्याच्या तिन्ही पावत्या, पिनियनचा कोन आणि उजव्या-डाव्या चाकाच्या पट्ट्यांचा फोटो पाठवा. त्यावरून उजव्या बारची फट नेमकी किती ठेवायची ते सांगता येईल.